लादीवरचा बिंदू

प्रयोगवहीत छापलंय : साहित्य – पतंगाचा कागद, पट्टी, पेन्सिल.
पतंगाचा कागद तुर्भ्यात जानेवारीत मिळतो.
आता ऑगस्ट.

म्हणून रेवणसिद्धच्या आईनं फळबाजारातून
सफरचंदांचे कागद पाठवले, पिशवीभर,
जांभळे, चुरगळलेले,
फळाचा गोलवा अजून धरून बसलेले.
ते मी घरी नेले,
टॉवेलखाली घालून एकेकावरून इस्त्री फिरवली.
कोपरखैरण्याच्या माझ्या एका खोलीत
रात्रभर सिमल्याचा वास.

नववी ब. एकेचाळीस मुलं.
तीन बिंदू घ्या, एका रेषेत नसलेले.
जोडा.
आता अ उचला आणि ब वर ठेवा. नीट.
कागदातून दिसतो तो.
दाबा नखानं.

एकेचाळीस नखं एकदम.
रातकिड्यानं बोलायला सुरुवात करून
विचार बदलावा, तेवढाच आवाज.

घडी उलगडली की पांढरट रेघ.
कुणी ओढलेली नाही, पट्टी लागलेली नाही,
तरी अ पासून जितकी लांब तितकीच ब पासून,
भांडणात मध्ये उभ्या राहिलेल्या शेजारणीसारखी.
मग ब वर क.
मग क वर अ.
तिसरी घडी पहिल्या दोघींच्या फुलीतूनच गेली
तेव्हा झेलम केणी ओरडली,
"बाई, हिला कुणी सांगितलं?"

याचं उत्तर पुस्तकात आहे, सहा ओळींचं,
ते मी उद्या शिकवणार.
आज फळ्याकडे वळून हसून घेतलं.

चौथ्या बाकावर मात्र काही जुळेना.
रेवणसिद्धनं त्रिकोण काढून वर कापलाही होता,
कडा स्वच्छ लागतात त्याला,
बाप पाट्या-वरवंट्यांना टाकी लावतो.
पण त्रिकोण पसरट, वाऱ्यानं उलटलेल्या छत्रीसारखा.
घड्या तीन. फुली कुठेच नाही.
त्यानं पुन्हा घातल्या.
कागद मऊ पडत गेला.
शेजारच्याच्या वहीत तो डोकावला नाही.

लघुकोनच काढा,
हे सांगायचं मी विसरले होते.
दरवर्षी सांगते, खरं तर.
तास पस्तीस मिनिटांचा असतो
आणि विशालकोन वेळ खातो.

मी त्याच्याकडे जायला निघाले, आणि थांबले,
कारण तो खाली बसला होता.
कागद लादीवर चिकटवला, थुंकी लावून,
माझ्या टेबलावरचा खडू न विचारता घेतला
आणि घड्या कागदाबाहेर वाढवू लागला.
"दप्तर सरकव." "पाय घे रे."
रेघा सर्वांत लांब बाजू ओलांडून गेल्या,
बाकाखालून, डब्याच्या पिशव्यांमधून,
आणि दीड हात पलीकडे,
जिथे कधीकाळी कुणाची तरी शाई सांडलीय,
त्या डागाच्या काठावर तिघी भेटल्या.

तरी त्याचा विश्वास बसेना.
बुटाची नाडी सोडली,
एक टोक डागावर अंगठ्यानं दाबलं,
दुसरं आधी अ ला, मग ब ला, मग क ला.
नाडी तिन्हीकडे तेवढीच.

बाहेर ठाणे-बेलापूर रस्त्यावर
कंटेनरनं ब्रेक मारला, खिडक्यांनी अंग झटकलं.
वर्ग आता बाकांवर नव्हताच,
सगळा त्याच्याभोवती उकिडवा.

"बाई," तो मान वर न करता म्हणाला,
"मग हा बिंदू कागदाचा का लादीचा?"

मी म्हटलं, त्रिकोणाचा.
तोंडातून गेल्यावर वाटलं,
हे उत्तर मीही आजच ऐकतेय.

घंटा झाली. नाडी बुटात परत गेली, उलटी-सुलटी.
संध्याकाळी सुगंधाबाई फडकं मारणार,
त्यांना सांगायचं राहिलं.

रात्री वह्या तपासल्या.
चाळीस जणांचा निष्कर्ष एकच, फळ्यावरचा,
तिन्ही लंबदुभाजक एकसंपाती असतात.
एका वहीत जांभळा तुकडा चिकटवलेला,
आणि खाली :
तिन्ही घड्या भेटतात. कागद पुरला नाही.

मी लाल पेन उघडलं.
काही खोडलं नाही.
सही केली, तारीख घातली.